ठिपका सरकला तर

ढग पश्चिमेकडून चढत होते आणि आमच्या हातात जेमतेम पंधरा मिनिटं होती. काल काढलेल्या फोटोत, सर्पिल दीर्घिकेच्या एका फाट्यावर, मागच्या महिन्यात नसलेला ठिपका दिसला होता. तो स्फोट झालेला तारा असेल तर दादाने काही तरी शोधलं. कॅमेऱ्याचा डाग असेल तर पुन्हा शोभा.

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. गेल्या वर्षी त्याने असाच ठिपका नवा तारा म्हणून कळवला आणि तो डाग निघाला. आकाश बघणाऱ्यांच्या मंडळाने त्याचं नाव 'ठिपकेसाहेब' पाडलं. तेव्हापासून तो तिकडे फिरकला नाही.

ते फोटो माझे होते. दोन फोटोंच्या मध्ये दुर्बीण केसभर सरकवायची असते. खरा तारा दीर्घिकेबरोबर सरकतो, डाग चौकटीत जागच्या जागी राहतो. त्या रात्री थंडीने बोटं वळत नव्हती. मी कंटाळा केला आणि सरकवली म्हणून ठोकून दिलं. एरवी माझ्या शिलाईच्या वर्गात एक टाका चुकला तरी मी पोरींवर खेकसते. वर्षभर मी ते दादाला सांगितलं नव्हतं.

गच्चीवर पहिला फोटो झाला. पाच मिनिटं. मी स्क्रू पाव वळसा फिरवला.

"सरकवलीस ना?" दादाने विचारलं. नेमकं तेव्हासारखंच.

"डोळ्यांनी बघ हवं तर!" मी उगाच फणकारले.

दुसरा फोटो सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला शेजारचे तारे गेले. चौथ्याला ढगाची कड दीर्घिकेपाशी आली आणि मी फोटो तिथेच थांबवला.

लॅपटॉपवर मी दोन्ही फोटो आलटून पालटून लावले. दीर्घिका उजवीकडे सरकली. ठिपकाही सरकला. मी दहा वेळा पाहिलं. तो तिच्याबरोबरच जात होता.

मला आता राहवेना.

"दादा, गेल्या वर्षी मी दुर्बीण सरकवलीच नव्हती."

"माहितीये. दोन्ही फोटोंत सगळे तारे जागच्या जागी होते. मी पाहिलं, पण कळवून झाल्यावर."

"मग मंडळात सांगितलं का नाहीस?"

"विचारलं ना त्यांनी, फोटो कोणी काढले म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, मीच."

मला इतका राग आला की त्याच्या पाठीत धपाटाच घातला. "वर्षभर तोंड शिवून बसलास? आणि मी इथे झुरतेय!"

"लागलं ना," तो म्हणाला आणि कळवण्याचा अर्ज उघडला. फोटो कोणी काढला, या रकान्यात त्याने माझं नाव लिहिलं. मला रडू आवरेना.