मिशी उतरवायचा हुकूम

कोरियातल्या लढाईत अमेरिकी फौजेतल्या आमच्या पोर्तो रिकोच्या पलटणीत सगळे स्पॅनिश बोलणारे; धड इंग्रजी येणारे मोजकेच होते, त्यांतला मी एक. त्यामुळे साहेबांचं बोलणं पोरांना आणि पोरांचं साहेबांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्या हिवाळ्यात दारूगोळा संपला आणि एक टेकडी आमच्या हातून गेली. आठवड्याभरात होल्कम नावाचा नवा कॅप्टन आला. दुसऱ्याच सकाळी त्याने आम्हाला रांगेत उभं केलं. समोर गरम पाण्याची घमेली आणि वस्तरे.

"सांग यांना," तो मला म्हणाला, "मर्द आहात हे सिद्ध करेपर्यंत कुणी मिशी ठेवायची नाही."

मी सांगितलं, "साहेब म्हणतात, स्वच्छतेसाठी मिशा उतरवा."

रांगेच्या टोकाला सार्जंट बाउदिलिओ अर्सुआगा होता. आमच्या पोर्तो रिकोतल्या उतुआदोच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यांत वाढलेला. त्याच टेकडीवरून तीन जखमींना त्याने पाठीवर खाली आणलं होतं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण माणसाचा चेहरा वाचता यायचा.

"लिसांद्रो, लेका, स्वच्छतेसाठी साहेबाच्या नाकपुड्या इतक्या फुगतात होय? म्हणाला तसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. अर्सुआगाने मिशीवरून बोट फिरवलं.

"विचार त्याला, टेकडीवर होतास का?"

"सार्जंट, जाऊ दे ना. केसच ते, महिन्यात उगवतील."

"तुझे उगवतील. तू विचार."

मी विचारलं. कॅप्टन लालबुंद झाला. "हुद्द्याच्या पट्ट्या जातील म्हणावं. तुरुंगात सडेल."

"त्याला सांग, 'अर्सुआगा भित्रा आहे' असं कागदावर लिही आणि खाली सही ठोक. मग वस्तरा मी स्वतः धरतो."

कॅप्टनने कागद दिला नाही. सार्जंटच्या बाहीवरच्या पट्ट्या तिथेच उसवल्या. ते बघून आणखी अकरा जणांनी वस्तरे खाली टाकले. बारा जणांना वर्षाची सजा झाली.

मी मिशी उतरवली. आईला हे कधी लिहिलं नाही.

पाच महिन्यांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्याने मला दुभाष्या म्हणून बोलावलं. टेबलावर कागद होता.

"सार्जंट, माफी मिळाली!" मी म्हणालो. "सही कर आणि चल."

"माफी चुकलेल्याला देतात. माझी चूक कुठली, विचार."

अधिकारी वैतागला. "मग बस आत."

"बसतो," अर्सुआगा म्हणाला. अधिकाऱ्याचं बोलणं मला उलगडून सांगावंही लागलं नाही. बाकीच्या अकरा जणांनीही सही केली नाही.

सात आठवड्यांनी दुसरा कागद आला. शिक्षा रद्द, पट्ट्या परत. त्याने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, माफीचा शब्द कुठे दडलाय का ते ओळ न् ओळ तपासायला लावलं.

"नाही, सार्जंट. कुठेच नाही."

"शपथ?"

"शपथ."

तेव्हा त्याने सही केली, अर्धा कागद व्यापेल एवढी मोठी.