काल्याच्या हंडीचा दोर

काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं. टाळांच्या ठेक्यावर म्हातारी माणसंसुद्धा उभी राहून डोलत होती. तेवढ्यात विहिरीवरून आरोळी आली. पुंजाची कालवड आत पडली होती, आणि तिचं तोंड पाण्यावर धरायला त्याचा मुलगा मनोज मागोमाग उडी टाकून गेला होता. विहिरीला पायऱ्या नव्हत्या.

रहाटाचा काथ्याचा दोर अर्ध्यावरच संपला. बुवांनी चिपळ्या ठेवल्या. "हंडीचा नायलॉन सोडा. देव थांबेल, पोर नाही थांबणार."

टाळकरी रंगनाथने दोन्ही दोरांची टोकं धरून गच्च गाठ मारली. दोर खाली सोडणार, इतक्यात मनोजच्या आईने, फुलाबाईने, त्यावर पाय दिला.

"आधी वरच ओढून बघा."

"अगं, येळ नाय!" पुंजा ओरडला.

"म्हणूनच ओढा."

दोन्ही बाजूंनी चौघांनी हिसका दिला. नायलॉन सुर्रकन निसटला आणि रंगनाथ धपकन बसला.

"आये, पाय वळायला लागले!" खालून मनोज.

"आले रे बाळा!" फुलाबाई खाली बसली. दर हंगामाला ती लासलगावला कांदा भरायला जायची. ताडपत्री आवळताना दोर कमी पडला की दुसरा जोडायला हमाल तिलाच हाक मारायचे.

"ही काय कांद्याची गाडी हाय का?" रंगनाथ पुटपुटला.

"गाडीच हाय. माल माझा हाय. सरक."

तिने जाड दोराचं टोक दुमडलं. त्या दुमडीतून नायलॉन खालून वर काढला, मागून दोन्ही पदरांना दोन वेढे दिले आणि टोक नायलॉनच्याच खाली दडपलं. विठ्ठल विठ्ठल म्हणत दातांनी ओढून आवळलं.

"आता माझीबी ओढा."

ओढली. जितकी ओढली तितकी ती आवळत गेली.

मग दोर खाली गेला. मनोजने तो कालवडीच्या पोटाखालून घेतला. बुवांनी उपरणं कमरेला बांधून दोराला हात घातला, नामाच्या ठेक्यावर सगळ्यांनी ओढ दिली. आधी कालवड आली, मग पुन्हा सोडलेल्या त्याच दोराने निळ्या ओठांचा मनोज. फुलाबाईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरलं.

"गाठ कापावी लागंल आता," रंगनाथ म्हणाला.

तिने दुमड अंगठ्याने मागे रेटली. गाठ मोकळी झाली.

बुवांनी नायलॉन तिच्याच हातात दिला. "माउली, हंडी तुम्हीच बांधा."

"बांधते की," फुलाबाई पदराने मनोजचं डोकं पुसत म्हणाली. "आधी याला कोरडं नेसवते. तवर अभंग चालू द्या."