पेनाचं टोपण

“खिडकी लावू नका हो मंजूरकाका! आत काय शिजतंय ते आम्हाला कळायला नको?” बाहेरच्या गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

“तुम्हाला कळावं म्हणूनच मला इथं उभं केलंय,” शिपायानं खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं. “आधी ती सायकल पायरीवरून हलवा. स्वतःची सायकल धड लावता येत नाही आणि निघालेत पालिका मोडायला!”

अंगणात हशा पिकला, पण लगेच विरला. आज लोक करमणुकीला आले नव्हते.

शिपायाचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. गावासाठी तो मंजूरकाका. त्याचं झालं असं, की पालिकेचं सभागृह म्हणजे एक लांबट खोली. सभासद गुडघ्याला गुडघा लावून बसले की दारात शिपायापुरती जागा उरायची आणि ऐकायला आलेल्या लोकांना अंगणात उभं राहावं लागायचं. एके काळी अंगणात लाउडस्पीकर होता. तो बिघडला, त्याच्या दुरुस्तीचा ठराव आला, ठराव मंजूर झाला, आणि तो मंजूर झाल्याचं या शिपायानं खिडकीतून अशा काही खणखणीत आवाजात सांगितलं, की पुढं दुरुस्तीची कोणाला आठवणच राहिली नाही. तेव्हापासून आतला निर्णय बाहेर पोचवायचं काम त्याच्याकडे आलं. तो “मंजूर!” म्हणून ओरडला की बसथांब्यावरची माणसंसुद्धा माना वळवायची.

त्याची एक पद्धत होती. सभासदांच्या वर गेलेल्या हातांकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. चहाआधी वर गेलेला हात चहानंतर खाली येतो, हे त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं. तो बघायचा अध्यक्षबाईंच्या पेनाकडे. बाई मूळच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका. त्यांचं शाईचं पेन गळकं होतं आणि ते टाकून द्यायला त्यांचं मन धजत नव्हतं, त्यामुळे लिहायची वेळ येईपर्यंत पेनाचं टोपण निघायचं नाही. टोपण निघालं, निब कागदाला टेकली, की यानं खिडकीकडे तोंड करायचं. पेन बाजूला सारलं गेलं तर नामंजूर. इतक्या वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता आणि याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

आजचा ठराव पालिका संपवण्याचाच होता.

नदीच्या आसपास तीन लहान गावं आणि तिन्हींची वेगवेगळी पालिका. तीन कार्यालयं, तीन अभियंते, तीन जीपगाड्या, त्यातली एक कायम बंद. हा सगळा संसार घरपट्टीवर चालायचा आणि घरपट्टी दर वर्षी वाढायची. तिघींची मिळून एकच पालिका करा, खर्च आटोक्यात येईल, घरपट्टी उतरेल, असं वरून सुचवलं गेलं होतं. लोकांना ते पटलं होतं, आणि न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंही. बाकीच्या दोन पालिकांनी होकार दिला होता. अडलं होतं ते इथंच.

“बाई, एका घरात तीन चुली कशाला हव्यात, एवढंच आमचं म्हणणं आहे,” कापडदुकानदार सभासद म्हणाले.

“चुलीचं मला कळतं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आपल्या दवाखान्याचं काय, ते सांगा. नव्या सभागृहात आपले असून असून किती जण असणार? उद्या दवाखान्याचा प्रश्न आला तर आपल्यासाठी कोण भांडणार तिथं?”

“दवाखाना कुठं पळून जातोय? इथं माणसं घरपट्टीपायी राहती घरं विकायला निघालीत, बाई. त्यांना काय सांगायचं?”

दारात उभ्या असलेल्या शिपायानं मान खाली घातली. राहतं घर विकायला निघालेलं एक माणूस त्याच्या चांगल्याच ओळखीचं होतं. त्याची थोरली बहीण.

आई गेली तेव्हा हा हातात पाटी धरायच्या वयाचा होता. ताईनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, मारलं, शिकवलं आणि मग स्वतःचं लग्न केलं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर मोठ्या रस्त्यावर, त्यामुळे घरपट्टी दुकानदारांच्या बरोबरीची, आणि मिळकत मात्र शिवणाच्या मशीनवर येईल तेवढी. थकबाकी साचत गेली. मागच्या महिन्यात जप्तीची नोटीस निघाली. नोटिसा घरोघर पोचवणं हे शिपायाचं काम, आणि दुसऱ्या कोणाच्या हातून ती तिला मिळावी हे त्याला बरं वाटेना.

“ताई, पालिकेच्या कामानं आलोय,” तो दारातूनच म्हणाला होता.

ताईनं पदराला हात पुसून कागद घेतला. वाचला, घडी केली, मशीनच्या खणात ठेवला. “उभा का? बस की. चहा टाकते,” ती म्हणाली. निघताना ती एवढंच म्हणाली, “तो घरांचा दलाल रोज चकरा मारतोय रे. हो म्हणून टाकू का त्याला?”

आज सकाळी बायकोनं विचारलं होतं, “तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?”

“शिपायाला काही वाटून चालत नाही,” तो म्हणाला होता. पण वाटत होतं. ठराव फेटाळला जावा असं वाटत होतं, कारण ही खोली, हा दरवाजा, ही खिडकी एवढंच त्याचं जग होतं. आणि ठराव मंजूर व्हावा असंही वाटत होतं, कारण ताई अंगणात झाडाखाली येऊन उभी होती.

मतदान झालं. दोन्हीकडे सारखेच हात वर गेले. आता अध्यक्षांचं मत ज्या बाजूला, ती बाजू जिंकणार. बाईंनी चष्मा नीट केला, कागद पुढं ओढला, क्षणभर दाराकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि टोपण काढलं.

“मंजूर!”

असा आवाज त्यानं आजवर काढला नव्हता. अंगणात एकच गलका उठला. कोणी टोप्या उडवल्या, कोणी रडायला लागलं. म्हातारी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. “मंजूरकाकांचा विजय असो!” असंही कोणीतरी ओरडलं, जसं काही त्यानंच घरपट्टी कमी केली होती.

तो समाधानानं मागं वळला. बाईंच्या हातातलं पेन अजून हवेतच होतं. निब कागदाला टेकलीच नव्हती.

“मी तहकुबी लिहीत होते,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “महिनाभराची.”

सभासद एकदम बोलायला लागले. कोणी म्हणे शिपायाला निलंबित करा, कोणी म्हणे झालं ते बरंच झालं. आजवर ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नव्हतं त्या शिपायाकडे सगळी खोली बघत होती.

“बाई, माझी चूक झाली,” तो म्हणाला. “टोपण निघालं आणि...”

“माहीत आहे मला तुमचं टोपणाचं गणित,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्याला जास्त लागलं. “अजून काही बिघडलेलं नाही. खिडकीत जा आणि सांगा, सही झालेली नाही. सभा तहकूब.”

तो खिडकीत गेला. हे तर त्याचं रोजचंच काम होतं. तोंड उघडायचं आणि सांगायचं. त्यानं चौकट धरली. समोर झाडाखाली ताई होती. शेजारणीनं तिला मिठी मारली होती आणि ताई तिच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडत होती. नवरा गेला तेव्हाही ती लोकांसमोर अशी रडली नव्हती. मग तिनं डोकं वर केलं, डोळे पुसले आणि तिला खिडकीतला भाऊ दिसला. तिनं दोन्ही हात वर करून त्याच्याकडे बघत जोडले. थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाला हात जोडले.

त्यानं तोंड उघडलं. घशातून हवा तेवढी बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. आवाज फुटेना. गर्दीला वाटलं, काकांना आनंदानं भरून आलं. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

“बाई, मला नाही जमत,” तो मागं वळून म्हणाला. “दुसऱ्या कोणाला तरी सांगायला लावा.”

कोणीही उठलं नाही. त्या टाळ्यांच्या तोंडावर जाऊन नाही म्हणायची हिंमत वकील सभासदांनासुद्धा झाली नाही, आणि ते तर एरवी भिंतीशीही भांडायचे. बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “महिन्यानं तरी मी वेगळं काय लिहिणार होते? जरा धीर गोळा करायला वेळ हवा होता, इतकंच.”

आणि त्यांनी सही केली. निबेच्या टोकाशी शाईचा डाग पडला. तो त्यांनी नेहमीप्रमाणे टीपकागदानं टिपला.

घरी बायकोनं त्याच्याकडे रोखून पाहत विचारलं, “खरं सांगा. मुद्दामच केलंत ना?”

“नाही गं.”

“मग चांगलं झालं की! हातून चूक झाली आणि ताईंचं घर वाचलं.”

निब टेकेपर्यंत तो नेहमी थांबायचा. आज का थांबला नाही? पुढं कितीतरी दिवस तो स्वतःला हे विचारत राहिला. नुसती सवय म्हणावी तर सवय थांबायची होती. मुद्दाम म्हणावं तर तसं काही मनात आल्याचं त्याला आठवत नव्हतं. याचा निवाडा त्याच्याकडून कधीच झाला नाही.

पालिका एक झाली. घरपट्टी खरोखरच उतरली, हे कबूल करायला हवं. ताईला थकबाकी हप्त्यानं फेडायची सवलत मिळाली आणि दलालाच्या चकरा थांबल्या. शिपायाची नोकरीही शाबूत राहिली. त्याची बदली नदीपलीकडच्या नव्या मोठ्या कार्यालयात झाली. गुळगुळीत फरशी, काचेचे दरवाजे, भिंतीवर नंबर दाखवणारा पडदा. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याचं काम झालेलं पाहून यानं सवयीनं “मंजूर!” म्हणून आवाज दिला, तर एका कारकून मुलीच्या हातातला कप खाली पडला.

साहेब वयानं लहान होते, पण बोलायला गोड. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. “काका, इथं ओरडायचं नाही हं. लोक दचकतात. काही सांगायचं असेल तर जवळ जाऊन, हळू.”

“बरं साहेब.”

तो हळू बोलायला शिकला. आधी कार्यालयात, मग बसमध्ये. मग घरीही बायको एकदोनदा म्हणाली, “काय पुटपुटताय?” पण तिला तशी सवयच होती, त्याचं निम्मं बोलणं न ऐकण्याची.

एक दिवस अध्यक्षबाई तिथं आल्या. आता त्या कुठल्याच सभेच्या अध्यक्ष नव्हत्या. दवाखाना आठवड्यातून दोनच दिवस उघडायला लागला होता, त्याची तक्रार घेऊन आल्या होत्या. हातात नंबराची चिठ्ठी धरून त्या बाकावर बसल्या होत्या आणि डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर त्यांचा नंबर येऊन गेला. त्यांना दिसला नाही. त्यानं जवळ जाऊन, खाली वाकून सांगितलं, “बाई, तुमचा नंबर आलाय. चला.” हाताला धरून त्यानं त्यांना टेबलाशी नेलं.

“आजी, हे या विभागात येत नाही,” टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणाला. “वरच्या मजल्यावर विचारा.”

“बरं,” बाई म्हणाल्या. जिन्याशी आल्यावर त्या थांबल्या आणि शिपायाकडे वळल्या. “ताई कशी आहे तुमची?”

“घर राहिलं, बाई.”

“चांगलं झालं,” त्या म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या. मग कठडा धरून एकेक पायरी चढायला लागल्या. त्याला बरोबर जायचं होतं, पण दाराशी माणूस लागतो, म्हणून तो खालीच थांबला.

त्या रविवारी तो ताईकडे गेला. घराला नवा रंग दिला होता. फाटकाला आतून कडी होती. घरातून मशीनची खडखड ऐकू येत होती. त्यानं हाक मारली, “ताई!” थोडा वेळ थांबून पुन्हा मारली. मशीन चालूच राहिलं. रस्त्यानं माणसं येत-जात होती, त्यातल्या कोणी वळून पाहिलं नाही. तो फाटकाला टेकून उभा राहिला. ऊन चढत गेलं.

बऱ्याच वेळानं ताई चिंध्या टाकायला बाहेर आली आणि त्याला बघून चमकली. “अगंबाई! कधीचा उभा आहेस असा उन्हात?” ती धावत येऊन कडी काढायला लागली. “हाक तरी मारायचीस!”

“मारली होती,” तो म्हणाला.

“काय म्हणालास?” ताईनं विचारलं.