उलटून गेलेली मुदत

कोर्टाने लेकाला निर्दोष सोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी हवालदारणीने त्याच्या कारखान्याच्या निळ्या शर्टाला कडक इस्त्री केली. हवालदारीण हे तिचं नाव गल्लीने ठेवलेलं. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. तांब्याची तार चोरल्याचा आळ घेऊन मालकाने लेकाला कामावरून काढलं, तेव्हापासून तो शर्ट ती धूत-वाळवत आली होती.

"आता बघते, कसा घेत नाही परत!" म्हणत तिने लेकाला तो घालायला लावला आणि वकिलाचं ऑफिस गाठलं.

वकिलाने निकाल वाचून चष्मा काढला. "हा चोरीचा खटला झाला. नोकरीचा दावा वेगळा. त्याची मुदत कामावरून काढलं तेव्हापासून धरतात, सुटलात तेव्हापासून नाही. ती कधीच उलटली."

"अहो, पण अंगावर चोरीचा डाग घेऊन दावा कुठल्या तोंडाने करायचा?"

"दोन्ही बरोबर चालवता आलं असतं, आजी."

लेकाला कामावरून काढलं त्या आठवड्यातली संध्याकाळ तिला आठवली. युनियनचा पुढारी उंबऱ्यात उभा राहून हेच सांगत होता. "मावशी, दाव्यावर सही तेवढी करू द्या त्याला." लेकाने पेन हातात घेतलंही होतं. तिने ते हिसकावलं. "आधी डाग निघू दे. चोर म्हणणाऱ्याच्या दारात माझा पोरगा हात पसरणार नाही!" पुढारी गेला तो गेलाच.

"उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज करता येतो," वकील म्हणाला. "पण कारण सबळ लागतं. कुणी अडवलं होतं का तुम्हाला?"

लेकाने आईकडे पाहिलं नाही. "नाही साहेब. माझाच आळस."

हवालदारणीने तोंड उघडलं. उभ्या गल्लीला सुनावणारी तिची जीभ टाळूला चिकटली. वकिलाने पेनाला टोपण लावलं.

घरी सून दारातच उभी होती. "काय म्हणाले, आई?"

"वकीलच कुचकामी!" ती फणकारली.

लेकाने शर्ट काढून तिच्या हातात दिला. "आता धुऊ नकोस, आई. फरशी पुसायला घे."

सुनेने शर्ट घ्यायला हात पुढे केला. म्हातारीची मूठ काही सुटेना.