चार रेघांचं घड्याळ

उगमबाईने तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधली, आसनावर मांडी घातली आणि समोरचं वाळूचं घड्याळ हातात धरून भिंतीवरच्या काट्याकडे बघत राहिली. दहा वाजून दहा मिनिटं झाली आणि लाईट गेली. खाली कापडाच्या दुकानातला टीव्ही उलटे आकडे मोजता मोजता गप्प झाला. तिच्या नवऱ्याची, मिश्रीलालची, आरोळी जिन्यावरून वर आली.

"मेली, हिला आत्ताच जायचं व्हतं!"

मंचरच्या पेठेत गुरुवारी दहाला लाईट जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आज आपल्या नातीचं, हर्षाचं रॉकेट उडणार, तर विजेलाही थोडी लाज असेल, असं या दोघा म्हाताऱ्यांनी धरून चाललेलं.

उगमबाईला मात्र बरंच वाटलं. टीव्ही ऐकायची तिची छातीच नव्हती. म्हणून तर तिने नेमकी हीच वेळ सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, धरली होती. अठ्ठेचाळीस मिनिटं, वाळू संपेपर्यंत, एका जागी बसायचं. संसाराचं बोलायचं नाही, फोनला हात लावायचा नाही, कुणी कितीही हाका मारो, उठायचं नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचा हा नेम एकदाही मोडला नव्हता. भीतीपासून लपायला याहून चांगली जागा तिला ठाऊक नव्हती.

दहा वाजून बारा मिनिटांनी तिने घड्याळ उलटं केलं. रॉकेट सुटायची वेळ तीच होती.

पण भीती कसली सोडतेय! घड्याळाच्या काचेवर नेलपॉलिशच्या चार बारीक रेघा होत्या, गेल्या दिवाळीत नातीनेच ओढलेल्या. त्या दिवशी चार कप्प्यांचा जेवणाचा डबा पुढ्यात ठेवून हर्षाने तिला रॉकेट समजावलं होतं.

"दादी, हे बघ. सगळ्यात खालचा कप्पा आधी पेटतो. त्यातलं इंधन संपलं की रिकामा कप्पा गळून समुद्रात पडतो. ओझं हलकं झालं की वरचा पेटतो. असे तीन पडले की चौथा उपग्रहाला त्याच्या वाटेवर नेऊन सोडतो. जहाजांना, विमानांना रस्ता दाखवणारा उपग्रह आहे हा. चौथ्या रेघेखाली वाळू उतरली की मी फोन करीन. त्याआधी नाही."

"आन् रिकामा कप्पा पडलाच न्हाई तर?"

हर्षाने डबा उचलून आत नेला होता.

कारण एकदा तो पडला नव्हता. हर्षा हैदराबादच्या ज्या कारखान्यात इंजिनिअर होती, तिथे रॉकेटचा दुसरा आणि तिसरा कप्पा जोडणारी कडी बनायची. दोन वर्षांपूर्वी ती कडी वेळेवर सुटली नाही आणि रॉकेट उपग्रहासकट समुद्रात गेलं. पोरगी मंचरला आली ती निम्मी होऊन. घास घशाखाली उतरेना. एका दुपारी गच्चीच्या कठड्यावर, पाय बाहेर सोडून बसलेली दिसली. उगमबाईने तिला मागून कवेत धरून आत ओढलं, गच्चीला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. किल्ली अजून तिथेच होती.

त्या दुपारी हर्षा एवढंच म्हणाली होती.

"एका बोल्टबद्दल मला शंका होती, दादी. सगळे मोठे साहेब बसले होते. मी बोलले नाही. तूच सांगायचीस ना, मोठ्यांसमोर तोंड उघडू नये."

खरंच, उगमबाई सांगायची. पोर बोलायला लागली तेव्हापासून सांगायची.

वाळू पहिल्या रेघेखाली उतरली. पहिला कप्पा पडला असेल. ती नवकार मंत्र म्हणत राहिली. आता दुसरी रेघ. हीच ती कडी. वाळू रेघेला टेकली, रेघेखाली गेली. म्हणजे कडी सुटली.

तेवढ्यात फोन वाजला.

तिसरी रेघ अजून दूर होती, चौथीचं तर नावच नको. म्हणजे पडलं. पुन्हा तिथेच पडलं. फोन वाजत राहिला. मिश्रीलाल गुडघ्याचा अधू, तो जिना चढेपर्यंत कसला टिकतोय! फोन थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की वाळूचासुद्धा आवाज येईल. हर्षा राहायची ती हैदराबादची आठ मजली इमारत तिला आठवली, हर्षाची खोली सर्वांत वर.

फोन पुन्हा वाजला. उगमबाई उठली. आसन पायात अडकलं, ती भिंतीला धरून सावरली आणि तिने रिसीव्हर उचलला.

"हर्षा? कुठं हायेस तू? आधी सांग, कुठं हायेस?"

"दादी, तू सामायिकात होतीस ना?"

"मरू दे ते. रॉकेट पडलं ना? पडू दे. तू घरी ये."

"पडलं नाही, दादी. उडलंच नाही. शेवटच्या मिनिटाला मोजणी थांबवली. मी थांबवायला लावली."

उगमबाईने घड्याळाकडे पाहिलं. ज्या रॉकेटचे कप्पे ती इतका वेळ पाडत होती, ते जागचं हललंसुद्धा नव्हतं.

"माझ्या पडद्यावर कडीचा एक आकडा मला बरोबर वाटेना. मी सगळ्यांसमोर उभी राहिले. आता उघडून बघणार आहेत. काही निघालं नाही तर मला उभं करणार नाहीत कुठे. खूप भीती वाटतेय."

"मलापण वाटतीय," उगमबाई म्हणाली. आपलं बोलणं गुदमरून येतंय, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. तिने मुहपत्ती ओढून काढली. "पर तू बोललीस ना?"

"बोलले."

"मोठ्यानं?"

"हो, दादी. मोठ्याने."

"मग काय निघायचं ते निघू दे. माझं सांगणं चुकीचं व्हतं, बाई. ऐकलंस? चुकीचं व्हतं."

पलीकडे हर्षा रडत होती की हसत, ते कळेना. फोन ठेवला तेव्हा मिश्रीलाल धापा टाकत दारात उभा होता, आणि बायको सामायिकातून उठलेली बघून त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?"

"काय न्हाई. थांबलंय." ती म्हणाली. "मला उद्या प्रायश्चित्त घ्यावं लागंल."

सामायिक नव्याने करायचं होतं, पण घड्याळ अर्ध्यात उलटवता येत नाही. सगळी वाळू उतरायची वाट बघावी लागते. तेवढ्या वेळात उगमबाईने कमरेची किल्ली सोडली, वर जाऊन गच्चीचं कुलूप काढलं आणि दार सताड उघडं ठेवून खाली आली.