फ्रीजमधले पाहुणे

वासुदेवरावांचं बुरशीशी जन्माचं वैर. हिंगणघाटात किराणा दुकान चालवायचं म्हणजे पावसाळाभर डाळी, पापड, लोणचं तिच्या तावडीतून सोडवत बसायचं. अन् एकुलती एक लेक काजल हैदराबादला शिकायला गेली ती कशावर? तर बुरशीवर! कोणी विचारलं की ते "सायन्स" एवढंच सांगत.

२००४ च्या मे महिन्यात लडाखहून परतताना काजल दोन दिवस घरी उतरली, ती थर्माकोलचा डबा छातीशी धरूनच. तिकडे बर्फालगत बोटभर गवत उगवतं. त्याच्या मुळांच्या आत काळी बुरशी राहते अन् तिच्याच आधाराने ते तगतं म्हणे. डब्यात तीच मुळं होती, अन् त्यांच्याभोवतीची माती.

"बाबा, हे थंडच राह्यलं पाह्यजे. गरम झालं त माही दोन वर्षं पाण्यात. अन् तिकडं पुन्हा कोन पाठवते मले?"

वासुदेवरावांनी दुकानातल्या फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या काढल्या अन् डबा आत ठेवला. भर मे महिन्यात! थोड्या वेळाने शेजारचा प्रेमदास थंडा मागायला आला.

"नाई."

"काऊन? फ्रीज त चालू दिसून राह्यला."

"त्याच्यात पाहुणे हायेत."

दुसऱ्या दिवशी काजल समुद्रपूरला मावशीकडे गेली अन् इकडे लाइन गेली. लोडशेडिंगचं जावयासारखं होतं, किती वेळ राहणार हे विचारायची सोय नाही. वासुदेवराव सायकल काढून बर्फाच्या कारखान्यात गेले. पोतं घेऊन परतले तर घरातून गल्लीतल्या बाया बाहेर पडत होत्या. कपाळाला कुंकू, हातात कागदाची पुडी. आनंदाबाईंनी तर त्यांना वाकून नमस्कारच केला.

"काय वाटलं तू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"हिमालयाची माती," विमलाबाई म्हणाल्या. "पोरगी एवढ्या दूर जाऊन आली अन् गल्लीले परसाद नाई? लोक काय म्हनतीन? तुळशीत टाकतीन बिचाऱ्या."

यात्रेहून आलं की प्रसाद वाटायचा, हे वासुदेवरावांनाही मान्य होतं. पण डबा पार रिकामा होता. ते बर्फाच्या पोत्यावरच बसले.

"अवं, पोरगी काय बद्रीनाथले गेलती का? अक्कल गहाण ठेवली का तू?"

विमलाबाई काहीतरी सांगू पाहत होत्या, पण ते थांबतील तर ना! ओरडून झालं अन् मग त्यांच्या ध्यानात आलं. हे पोरीला सांगायचं कोणी?

संध्याकाळी त्यांनीच सांगितलं, उंबरठ्यातच. काजलने रिकामा डबा घेतला अन् त्याच्या तळाशी बोट फिरवून पाहिलं. रडलीही नाही, हेच वासुदेवरावांना सोसवेना.

"माती गेली त जाऊ दे," ती कशीबशी म्हणाली. "हैदराबादले सरांजवळ हाये थोडी. पन मुळं, आई?"

"मुळं कायले वाटू? तो त तुहा वाटा."

काजल होस्टेलला गेल्यापासून या घरात काहीही वाटायचं झालं की आधी तिचा वाटा निघे. तिळाचे लाडू असोत की सत्यनारायणाचा शिरा. ती कधीही येवो, वाटा ठेवलेला असे. त्यातल्या कितीतरी वाट्यांना बुरशी लागे अन् वासुदेवराव ते गुपचूप फेकून देत.

विमलाबाईंनी आतून मोठा थर्मास आणला. त्यात फ्रीजमधला होता नव्हता तेवढा बर्फ भरलेला अन् त्या बर्फात मुळांच्या पिशव्या, तोंडं बांधलेल्या, जशाच्या तशा.

"सगळ्या?" काजलने विचारलं.

"लेकीच्या वाट्यात हात घालते का कोनी?"

"मंग मघाशी काऊन नाई सांगतलं?" वासुदेवराव पुन्हा ओरडले.

"तुमी बोलू देल्लं का?"

तेव्हा कुठे काजल रडली.

वासुदेवरावांनी आपल्या हाताने पोत्यातला बर्फ फोडून डबा भरला अन् रात्रीच्या गाडीत तिच्या मांडीवर ठेवला. सकाळी दुकान उघडून बाटल्या परत फ्रीजमध्ये लावल्या. प्रेमदास आलाच.

"गेले का पाहुणे?"

"गेले," वासुदेवराव म्हणाले. मग बाटली हातात घेऊन ते ओपनर शोधत राहिले. ओपनर तर समोरच खिळ्याला दोरीने बांधलेला होता.