उन्हात न मिटलेला डोळा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. रीळ घालून चालणारा, दणकट आणि जरासा तिरसट. आता माझ्यात रीळही नाही आणि हौसही नाही. पण गुलखैऱ्याच्या फुलांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट काकांच्या गळ्यात पडलो. काका म्हणजे हौसेला मोल नसलेला माणूस! भर उन्हाळ्यात फुलांचे फोटो काढत हिंडायचे. माझ्या भिंगाआड बारीक पोलादी पाती आहेत. ऊन कडक असलं की ती मिटतात आणि माझा डोळा बारीक होतो, म्हणून रंग टिकतात. तेव्हा लोक तोंड भरून माझं कौतुक करत.

काका गेले आणि मी कपाटात जाऊन बसलो. काकू शिवणकाम करायच्या. त्यांचा माझ्यावर भारी जीव. अधूनमधून मला पुसायच्या आणि शिलाई मशीनला देतात तसं तेल माझ्या फटींत सोडायच्या. "ह्यांची वस्तू आहे, गंजायला नको." अहो काकू, नको! मी आतल्या आत ओरडायचो, पण ऐकणार कोण? तेल झिरपत पात्यांपर्यंत गेलं आणि पाती चिकटून बसली.

पुढे काकूंचं कंबरेचं हाड मोडलं. वरच्या खोलीत त्या खिळून पडल्या. खिडकीतून दिसायची ती शेजारची भिंत. खाली अंगणात त्यांनी हातानं लावलेला गुलखैरा पहिल्यांदाच फुलला होता.

"काकू, फुलं तोडून आणू का गं?" त्यांच्या पुतणीनं विचारलं.

"खबरदार! झाडावरच बघायचीत मला. ह्यांचा कॅमेरा घे की!"

तेव्हा खिशात फोन घेऊन कोणी हिंडत नव्हतं. पुतणी भर दुपारी मला घेऊन अंगणात उतरली. पोरीनं सगळं बरोबर केलं हो! उन्हाच्या मानानं डोळा बारीक करायचा आकडा लावला, श्वास रोखला, बटण दाबलं. पण माझी पाती हलेनात. ऊन भसाभसा आत शिरलं. लाल रंग, पाकळ्यांच्या शिरा, सगळं माझ्या देखत करपलं आणि मला साधं "थांब" म्हणता येईना. अख्खं रीळ असंच वाया गेलं.

फोटो आले ते पांढरेफटक. दुरुस्तीवाल्यानं मला उघडलं आणि कपाळावर हात मारला. "कॅमेऱ्याला तेल कुणी पाजलं?" पुतणीला काकूंची मशीनच्या तेलाची बाटली आठवली. तोवर फुलंही झडली होती.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "काकू, माझाच हात चुकला."

काकूंनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "रडतेस काय, वेडे? केवढं लख्ख ऊन पडलंय बघ तरी! मजेत होती म्हणायची फुलं."

पुढचा बहर त्यांना लाभला नाही. मी त्यांच्यावर रागावू तरी कसा? मायेनंच तर माझा डोळा गेला. मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा, पण आम्हांला काय सोसतं ते आधी कुणा जाणत्याला विचारा. आम्हांला तोंड नाही हो.